दाबयंत्राखालची कांडी

हे कुणाला सांगून पटणार नाही, आणि दातात भरायचा मसाला बनवणाऱ्या कारखान्यातल्या तपासनिसाच्या बायकोला तर मुळीच नाही. बत्तीस वर्षं ती त्याच्या थापा ऐकत आली होती. तरी दंतवैद्याच्या दाराबाहेरच्या बाकावर तपासनिसानं तोंड उघडलंच.

“अगं, गुरुवारी आमचं दाबयंत्र रडलं.”

“यंत्र?” सुजल्या गालावर रुमाल धरून बायको म्हणाली.

“ढसाढसा! तेल गळेपर्यंत! तुझ्या दाढेत आज जे भरणार ना, त्याची कांडी होती खाली. वाटाण्याएवढी. मी दाब वाढवतोय, वाढवतोय, वर हत्ती उभा केल्यासारखा. कांडी ढिम्म! शेवटी काटाच निखळला आणि थेट साहेबांच्या टकलावर. साहेब म्हणाले, पास!”

बायको हसली नाही. दाढ हसू देत नव्हती.

तपासनिसालाही हसू आलं नाही. पुढच्या दातात काहीही भरा, खपून जातं. मागच्या दाढेला मात्र जन्मभराचं दळण. म्हणून साचे भरायचे, निघालेल्या कांड्यांची टोकं घासून सपाट करायची, त्या यंत्राखाली चिरडायच्या, किती दाब सोसला तो आकडा लिहायचा, चुरा झाडायचा, की पुन्हा साचे. हेच करता करता त्याचे खांदे उतरले होते. गुरुवारी तर उभं राहवेना. त्यानं एक पायरी गाळली, पासचा शिक्का मारला आणि घरी येऊन आडवा झाला. तो माल याच दवाखान्यात येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मघाशी इथल्या कपाटात तेच खोकं दिसलं. थाप मारली की एरवी त्याला हलकं वाटायचं. आज वाटेना.

“म्हणजे टिकेल ना हो?” बायकोनं विचारलं. “पुन्हा खुर्चीत बसायचं त्राण नाही माझ्यात.”

“टिकेल म्हणजे? सकाळी दहाला साचे भरले, चारला यंत्राचा निकाल लागला!”

आतून परिचारिकेनं हाक मारली. बायको उठली, दारापर्यंत गेली, आणि वळली.

“अहो, यंत्र रडलं, मान्य. साहेबांचं टक्कलही मान्य. पण दहाची कांडी चारला यंत्राखाली गेली कशी? चोवीस तास कोमट पाण्यात राहिल्याशिवाय कांडी यंत्राखाली जात नाही, तोंड काय कोरडं असतं का, हे लग्न झाल्यापासून तुम्हीच ऐकवताय मला. खोटं बोलताय तुम्ही! तुम्ही ती भिजवलीच नाहीत!”