उठायची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. खुर्चीला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आम्हाला चार पाय असतात, एक पाठ असते आणि गप्प राहायची सवय असते. पण जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एका सुतारानं मला जुन्या दाराच्या चौकटीतून घडवलं. त्याने मला हात बसवले नाहीत. ‘‘कामाच्या जागी हाताची खुर्ची दिली, की माणूस रेलतो,’’ असं तो म्हणाला. तिथून मी गेले कपडे शिवायच्या एका कारखान्यात, कटिंगच्या टेबलापाशी. तिथे कापडाचे थर एकावर एक पसरून, खडूने आखून, हातभर लांबीच्या कात्रीने कापणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीस वर्षं त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. माझ्यावर बसायच्या त्या डबा खाण्यापुरत्या. बाकी वेळ माझ्यावर त्यांची पिशवी बसायची.

मास्तर निवृत्त झाल्या तेव्हा शिवणाऱ्या बायकांनी मला घासूनपुसून त्यांना भेट दिली. अशी मी त्यांच्या लेकीच्या घरी आले. लेक, जावई आणि मास्तर, असं तिघांचं घर. माणसं चांगली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते चांगल्या माणसांनीच केलं.

मास्तरांची सत्तरी उलटली आणि एक दिवस बाथरूमच्या उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला. मोडलं काही नाही, पण लेक घाबरून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. त्यांनी सोफा दाबून पाहिला, चाकांची खुर्ची ढकलून पाहिली आणि नाक मुरडलं. ‘‘हात नसलेली, न सरकणारी, साधी खुर्ची आहे का हो?’’ त्यांनी विचारलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नेमकं वर्णन करून मला मागितलं होतं! मी लाकडाची नसते, तर लाजले असते.

बाईंनी मला भिंतीला टेकवून ठेवलं. व्यायाम अगदी साधा होता. माझ्यावर बसायचं, दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि कशाचाही आधार न घेता उभं राहायचं. पुन्हा सावकाश बसायचं. असं दहा वेळा. मग माझी पाठ धरून टाचा उचलायच्या. मग पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या.

मास्तर रोज सकाळी दूध तापेपर्यंत हे सगळं उरकायच्या. आठव्या वेळेला त्यांना धाप लागायची, गुडघा कुरकुरायचा आणि त्या मला चार शिव्या घालायच्या. मला त्या शिव्या फार आवडायच्या. तीन महिन्यांत त्या एकट्या जिना उतरून भाजी आणायला लागल्या.

पण लेकीनं ती धाप ऐकली, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. ‘‘आई, कशाला गं जिवाला त्रास? तू बस, मी आणते,’’ ती म्हणायची. पाणी ती आणायची, चष्मा ती आणायची, भाजी तर तिनं आणलीच. जावयांना ड्रिल मशीन चालवायला निमित्तच हवं असायचं. ‘‘आईंना उठायला सोपं पडेल,’’ म्हणून त्यांनी माझ्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. मी वीतभर उंच झाले. मास्तरांना मग उठताना पायांवर निम्मासुद्धा जोर द्यावा लागेना. पुढच्या रविवारी जावयांनी मला दोन हात ठोकले. त्या सुतारानं हे पाहिलं असतं, तर रंधा घेऊन मागे लागला असता. त्यानंतर गादी आली. रोजची दहाची मोजणी आधी पाचावर आली, मग आठवड्यातून एकदा आणि मग बंदच झाली.

शेवटी आली ती बटणावर चालणारी, गुबगुबीत, मोटार लावलेली खुर्ची. बटण दाबलं, की ती मागे झुके आणि पाय वर उचलून धरी. दुसरं बटण दाबलं, की ती माणसाला पुढे ढकलून उभं करी. जावई खूश झाले. ‘‘आई, आता राणीसारखं राहायचं!’’ येणारे-जाणारे लेकीला म्हणायचे, ‘‘किती करता हो तुम्ही आईचं!’’ आणि मी? मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पडला. त्या ढिगाच्या फटीतून मी मास्तरांचे पाय बारीक होताना पाहत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. एखाद्याची ताकद काढून घ्यायची आणि त्यालाच सेवा म्हणायचं, हा कुठला न्याय?

असंच वर्ष गेलं. मग एके दिवशी दुपारी लेक-जावई कामावर असताना वीज गेली.

मास्तर त्या वेळी मागे झुकलेल्या होत्या, पाय वर. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खुर्ची ढिम्म. त्यांनी पोटाला जोर लावून उठायचा प्रयत्न केला, पण वर्षभर न वापरलेलं अंग साथ देईना. फोन टेबलावर वाजत राहिला. त्यांना बाथरूमला जायचं होतं. एक तास त्यांनी धीर धरला, दीड तास धरला. तीस वर्षं स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली बाई, मित्रांनो, आणि एका बटणावाचून ती उताणी पडून राहिली. शेवटी व्हायचं ते झालं. मास्तरांनी तोंडावर पदर ओढून घेतला. मी चार हातांच्या अंतरावर होते, आणि माझा काडीइतका उपयोग नव्हता.

संध्याकाळी लेक आली, तिनं पाहिलं आणि ती रडली. रडून झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलली असेल? ‘‘आता वयच झालं गं तुझं.’’ त्या दिवसापासून मास्तरांना बाथरूमला कुणाचा तरी हात धरून जावं लागलं. दार लोटायचं, पण कडी लावायची नाही, असा नियम झाला. दिवसभराची बाई ठेवायची, मोठ्या माणसांचे डायपर आणायचे, हे सगळं मास्तरांच्या समोरच ठरत होतं, जणू त्या तिथे नव्हत्याच. आठवडाभर त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘आधी त्या व्यायामाच्या बाईला बोलवा. मग तुमचं काय ते ठरवा.’’

बाई आल्या. त्यांनी मास्तरांचे पाय पाहिले, मोटारीची खुर्ची पाहिली आणि ढिगाखालून मला बाहेर ओढलं.

‘‘आईंचं वय झालंय हो,’’ लेक म्हणाली.

‘‘मागच्या वर्षी ह्या दहा वेळा उठत होत्या,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वर्षभरात वय वर्षानंच वाढलं ना? मग दहाचं शून्य कुणी केलं?’’

माझ्या मनातलं इतकं स्वच्छ याआधी कुणी बोललं नव्हतं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आधी ठोकळे आणि हात तसेच ठेवून तीन वेळा. मग गादी गेली. मग जावयांनी स्वतःच ड्रिल घेऊन माझे हात काढले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. दोन महिन्यांनी ठोकळे निघाले. बाईंची ताकीद होती, ‘‘जवळ उभं राहायचं, पण हात खिशात. तोल गेला तरच धरायचं.’’ लेकीच्या कपड्यांना खिसे नव्हते. ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची, आणि मास्तर थरथरत उठताना आपला ओठ चावायची. मला तिची दया आली. प्रेम करणाऱ्याला नुसतं उभं राहणं किती जड जातं, ते तेव्हा मला कळलं. पण राग गेला नाही. राग जायला मास्तरांचं एक वर्ष परत यावं लागेल.

परवाची गोष्ट सांगते. मास्तर सातव्यांदा उठल्या, हात छातीवर, आणि आठव्यासाठी परत बसल्याच नाहीत. त्या तशाच चालू लागल्या. लेकीचे हात सुटले, ती पुढे झाली.

‘‘हात मागे!’’ मास्तर म्हणाल्या. कारखान्यात म्हणायच्या, अगदी त्याच आवाजात.

लेक जागच्या जागी थांबली. मास्तर भिंतीच्या कडेने, सावकाश, एकट्या बाथरूमपर्यंत गेल्या. उंबरा ओलांडला. दार लावलं. आणि आतून कडी घातली.

लेक बाहेर उभी राहून त्या कडीचा आवाज ऐकत होती. तिनं दार वाजवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजी खुर्चीवरून उठू लागली, तर धावत जाऊन तिला ओढू नका. पाण्याचा पेलाही हातात आणून देऊ नका. तिनं मागितला, तरच द्या. जवळ थांबा, ती पडणार नाही एवढं बघा, आणि तिला वेळ लागला तर लागू द्या. तिला उठू द्या.