आरशात सापडलेली चिठ्ठी

मी शिवणकामाच्या दुकानातला आरसा बोलतोय. माणसाएवढा उंच, लाकडी चौकटीचा, खालच्या कोपऱ्यात मुलामा उडालेला. आजवर दुसऱ्यांना त्यांचं रूप दाखवलं. आज माझ्याबद्दल सांगायचं आहे, आणि ते मी गुळमुळीत सांगणार नाही.

कारखान्यात माझ्या पाठीला मुलामा चढला तेव्हाच माझा स्वभाव ठरला. समोर येईल त्याला त्याचं रूप दाखवायचं आणि तो वळला की विसरायचं. आधी मी एका न्हाव्याकडे होतो. त्याने दुकान आवरलं तेव्हा काकूंनी मला आपल्या शिवणाच्या दुकानात आणलं.

माणसं माझ्यासमोर काय काय करतात! श्वास रोखून पोट आत ओढतात आणि "बघा, बसतंय की नाही!" म्हणतात. एक प्राध्यापक पँटच्या फिटिंगला यायचे आणि टक्कलच तपासत बसायचे. त्यातलं अवाक्षरही माझ्याकडून बाहेर गेलं नाही.

मग काकूंच्या भाचीने सोशल मीडियावर दुकानाचं पान उघडलं.

"मावशी, आता दुकान रस्त्यावर नसतं, फोनमध्ये असतं."

"मग झाडूही फोनमध्येच मार," काकू म्हणाल्या. पण गिऱ्हाइकं वाढली, तशा त्याही गप्प बसल्या.

भाची नवा कपडा घातलेल्या गिऱ्हाइकाला माझ्यासमोर उभं करायची आणि आरशातलं रूप टिपायची. एके दिवशी वाचनालयात काम करणाऱ्या ताई राखाडी कोट न्यायला आल्या.

"ताई, काय बसलाय कोट! एक फोटो घेऊ?"

"घे. पण चेहरा नको हं."

भाचीने शब्द पाळला. ताईंचा चेहरा पुरता झाकून टाकला. पण आरशात सगळं उलटं उमटतं. मागच्या भिंतीवर रंगवलेलं दुकानाचं नाव वाचता येईना, म्हणून तिने फोटो सुलटा करून घेतला. नाव झकास दिसू लागलं आणि फोटो पानावर चढला. त्या नावाखालीच एक दोरी होती. कपडा हाती जाईपर्यंत त्याच्या मापाची चिठ्ठी तिथे चिमट्याने लटकवायची, ही काकूंची जुनी पद्धत. वर नाव, फोन नंबर. खाली छाती, कंबर, बाही. काकूंची नजर अधू, त्यामुळे अक्षर टपोरं. नावाबरोबर ताईंची चिठ्ठीही सुलटी झाली होती.

चौथ्या दिवशी ताई आल्या त्या दारातूनच बोलत.

"एकोणतीस फोन आले. सगळे अनोळखी. एकाने मला माझंच माप वाचून दाखवलं!"

"पण चेहरा तर मी..." भाची पुटपुटली.

ताईंनी फोटो दोन बोटांनी मोठा करून तिच्यापुढे धरला. "हे वाच."

काकूंनी चष्मा चढवला आणि स्वतःचंच अक्षर ओळखलं. म्हणाल्या, "नंबर बदलून टाक गं, बाई."

"कसा बदलू? बाबांना हल्ली माझं नावसुद्धा आठवत नाही. हा नंबर तेवढा पाठ आहे. गेल्या महिन्यात बाजारात चुकले, तर भाजीवाल्याला त्यांनी एवढाच सांगितला. अनोळखी फोन उचलायचे नाहीत म्हटलं, तर बाबांचा फोन नेमका तसाच, कुणाच्या तरी नंबरवरून येतो."

मी हादरलो. मी विसरलो होतो, पण माझ्यातूनच ती चिठ्ठी गावभर झाली होती. आणि लोक विचारतात, लपवण्यासारखं आहे काय? अहो, पडदा ओढून कपडे बदलणारा काय चोर असतो?

"पानावरून काढून टाकला फोटो!" भाची म्हणाली.

"आणि ज्यांनी पुढे धाडलाय, त्यांचं काय?" काकूंनी मशीनवर झाकण घातलं. "आज शिवण बंद. एकेकाला फोन लाव."

चौदा जणांनी तो आपापल्या पानावर टाकला होता. त्यांतली एक जुनी गिऱ्हाईक वैतागली, "नुसता कोटच तर आहे! एवढं काय त्यात?"

काकूंनी फोन हिसकावला. "असं? मग तुझं माप लावू का दुकानाच्या दारावर? आहे माझ्याकडे लिहिलेलं."

मिनिटभरात फोटो गायब!

दिवस कलेपर्यंत तेरा ठिकाणचे उतरले. चौदावा कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिघी पोलिसांत गेल्या आणि लेखी तक्रार देऊनच परतल्या. फोन कमी झालेत, थांबलेले नाहीत. ताई प्रत्येक फोन उचलतात. नको तो माणूस निघाला, तर "तक्रार नोंदवली आहे" एवढं ठणकावून ठेवून देतात.

आता मी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा आहे. चिठ्ठ्या खणात गेल्या, त्यांवर नावाऐवजी आकडा असतो. भाची आधी विचारते, मग काढलेला फोटो कोपऱ्या-कोपऱ्याने गिऱ्हाइकाला दाखवते. कुणी नको म्हटलं, तर विषय संपला. पान रोडावलंय. रोडावू दे!

माझं तुमच्याकडेही हेच मागणं आहे. दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याला दाखवा. वेळ नसेल, तर टाकूच नका. यात सूट मी देणार नाही. का, ते ऐका.

काल ताई कोटाची बाही आखूड करायला आल्या होत्या. काकू टाचण्या लावत होत्या. फोन वाजला. नंबर अनोळखी. दुकानात सगळ्यांचे हात थबकले. ताईंनी लगेच उचलला.

"हो बाबा, मीच. तिथेच उभे राहा. मी निघालेच."

आणि टाचण्या लावलेला कोट तसाच अंगावर ठेवून त्या धावत रस्त्याला लागल्या.