पट्टा बांधलेली सांडणी

सांडणीच्या गळ्यातला जीपीएस पट्टा मी केलीव्हिल शहरातल्या ऑफिसात, एसीत बसून बनवला. ती वाळवंटात उंटांचा कळप शोधणार, माझ्या स्क्रीनवर तिचा ठिपका दिसणार आणि आमचा नेमबाज ब्रेट हेलिकॉप्टरमधून कळपाला गोळ्या घालणार. मोकाट उंट फार माजलेत, पाणवठे संपवतात, असं सरकारचं म्हणणं. सांडणीला तेवढं जिवंत सोडायचं, म्हणजे ती पुढचा कळप शोधते.

त्या दिवशी मीही हेलिकॉप्टरमध्ये होते. पिल्लं आयांच्या पोटाखाली घुसत होती. ब्रेटने आधी आया पाडल्या, मग पिल्लं. जबडा उडालेला एक उंट तसाच धावत होता. सांडणी रक्तात उभी राहून एकेकाला हुंगत होती.

नंतर ठिपका हललाच नाही. "तुझा पट्टा बिघडला," ब्रेट म्हणाला. आम्ही परत जाऊन वरून पाहिलं. ती माळावर एकटीच बसली होती. लांबून एक कळप येताना दिसला, तशी ती उठली आणि उलट्या दिशेला पळत सुटली.

"पट्टा ठीक आहे, गाढवा!" मी ओरडले. "तिला कळलंय!"

"मग आता तिचा काय उपयोग, मेट?" ब्रेटने नेम धरला. "खाली उतरलो की पट्टा काढून घे. दुसरीला होईल."