खिडकी नेईल, दार मागे जाईल

एक.

नृत्यमंडळाच्या बैठकीत ठराव सात विरुद्ध एक मताने मंजूर झाला. तो एक म्हणजे मास्तर. गेली सव्वीस वर्षं दर मंगळवारी याच हॉलमध्ये लोकनृत्याचा वर्ग ते घेत आले होते. पाठ ताठ, गळ्यात शिट्टी. ठराव असा: यापुढे जोडीत पुरुषाची जागा, बाईची जागा असलं काही नाही. जोडीदाराला नेणं आणि तो नेईल तसं मागे जाणं, दोन्ही सगळ्यांनी शिकायचं. आणि वार्षिक कार्यक्रमात खुद्द मास्तरांनी एक अख्खं नृत्य मागे जाणाऱ्याच्या जागी नाचून दाखवायचं. नाही जमलं तर वर्ग दुसऱ्या कुणाकडे.

"अजिबात दुखणार नाही," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर. हे वाक्य त्यांच्या जिभेवरच असायचं.

दोन.

पुरुष-बाई हे शब्द गेले. मग हाक काय मारायची? मास्तरांनी हॉलभर नजर फिरवली. एका भिंतीला खिडक्या, समोरच्या भिंतीला दार. झालं.

"खिडकीकडचे नेतील, दाराकडचे मागे जातील. लहान पोरालाही कळेल."

लहान पोर तिथे कुणी नव्हतं. सगळ्यांत धाकटा पोस्टमन, तो बावन्न वर्षांचा.

शिट्टी. चार पावलं झकास. मग अर्धी गिरकी. गिरकीत खिडकीकडचे दाराकडे गेले, दाराकडचे खिडकीकडे आले, आणि मास्तरांनी हुकूम सोडला, "खिडकी पुढे."

सगळेच पुढे आले. सुरुवातीला खिडकी होते ते आले, आता खिडकीपाशी उभे होते तेही आले. पोस्टमनचा चष्मा समोरच्या काकूंच्या केसांत अडकला.

"मास्तर, मी आत्ता कोण?"

"तू दार."

"पण मघाशी खिडकी होतो."

"मग खिडकी."

"उभा दाराकडे आहे."

ढोल वाजवायला मास्तरांची थोरली बहीण होती. सगळे तिला अक्का म्हणत. "अरे, भिंतीच फिरव," ती म्हणाली. "माणसं फिरवण्यापेक्षा सोपं पडेल."

दोन, पुन्हा पहिल्यापासून.

शिंपीणबाईंनी पिशवीतून लाल कापडाच्या पट्ट्या काढल्या. ज्याच्या मनगटाला पट्टी, तो नेणार. अदलाबदल करायची तर पट्टी सोडून समोरच्याला बांधा. पंधरा मिनिटांत वर्ग रुळावर.

"हेच मी सांगणार होतो," मास्तर म्हणाले.

शिंपीणबाई म्हणजे गेली बावीस वर्षं मास्तरांची नाचातली जोडीदार. त्यांच्या उजव्या मनगटाला कायम बँडेज. मास्तरांनी एकदा चौकशी केली होती. "मशीनमुळे," त्या म्हणाल्या होत्या. पुढे विचारायची मास्तरांना गरज वाटली नव्हती.

त्याच बँडेजवर आता लाल पट्टी आली. सराव सुरू झाला आणि एक अजब प्रकार दिसला. मास्तर मागे जात होते, पण शिंपीणबाईंना ओढत.

"मास्तर, तुम्हीच मला नेताय."

"मी फक्त सुचवतोय."

"शिट्टी तोंडातून काढून सुचवा."

तीन.

कार्यक्रम. खुर्च्या भरलेल्या. अक्काची थाप पडली. एक, दोन, तीन, आणि मास्तरांनी ओढलं.

शिंपीणबाई थांबल्या.

स्टेजच्या मधोमध, नुसत्या उभ्या. ढोल चालू. आठ मात्रा गेल्या. सोळा गेल्या. लोकांना वाटलं, नृत्यच असं आहे.

"चला की," मास्तर दातांतल्या दातांत म्हणाले.

"मी नेईन तेव्हा."

मास्तरांनी पुन्हा ओढलं. मग शिंपीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं. अंगठा हाडावर, बोटं आतल्या बाजूला, आणि गिरकीला बारीकसा पीळ. कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"हे काय?"

"तुमचीच पकड."

"हळू धरा ना," मास्तर म्हणाले.

एवढं साधं वाक्य. बावीस वर्षांत आपल्याला कसं कुणी म्हटलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. म्हटलं होतं. पहिल्याच वर्षी, दोनदा. तेव्हा शिट्टी वाजत होती.

शिंपीणबाईंनी पकड सैल केली. मास्तरांनी मागे वळून न पाहता एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. पुढचं सगळं नृत्य ते जिथे नेलं तिथे गेले. टाळ्या थांबेनात.

चार.

वर्ग मास्तरांकडेच राहिला, आठ विरुद्ध शून्य. पुढच्या मंगळवारी त्यांनी शिट्टी वाजवली आणि सवयीने उजवीकडे हात पुढे केला.

शिंपीणबाई पलीकडच्या रांगेत पोस्टमनसमोर उभ्या होत्या. बँडेज तसंच, त्यावर लाल पट्टी. पोस्टमनचे हात नुसते त्यांच्या तळहातांवर टेकलेले.

मास्तर हात पुढे करून उभेच राहिले.

"रिकामा हात कुणाला नेतोय रे?" अक्काने ढोलामागून विचारलं.

जोडीविना एकच जण उरलं होतं. सेक्रेटरीणबाई पट्टीची गाठ दातांनी आवळत आल्या.

मास्तरांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली. "दुखणार नाही ना?"

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या आणि मनगट धरलं.