ओल्या बोटांचं बटण

"एवढंच?" मुटिसो म्हणाला.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मधोमध एक लाल बटण होतं आणि बाकी सगळा काळोख.

"अगं अविनो, पुढच्या आठवड्यात देणगीदार येतायत. एवढ्या भिंतीला तू नुसती टिकली लावून ठेवलीस?"

"साहेब, ते भिंतीवर बघायचंच नाहीये." अविनोने पर्समधून आपला फोन काढला. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडाशी गाठ मारलेला. पाण्याच्या ग्लासात तिने बोट बुडवलं, बटण दाबून दाखवलं आणि फोन मुटिसोकडे सरकवला. "आमच्याकडे होड्यांवर फोन असाच असतो. आता तुम्हाला बटणाआधी हवं असलेलं ते नाव-पत्त्याचं पान असंच भरून दाखवा."

मुटिसोने फोनला हातही लावला नाही. साहेबांची बोटं कोरडी होती, ती ओली करायची त्यांना काय गरज!

नैरोबीतल्या त्या कंपनीत अविनोची उमेदीची वर्षं गेली होती. दुसऱ्यांनी मोठ्या पडद्यावर आखलेली पानं फोनच्या मापात कोंबायची, हे तिचं काम. बापाचा कोट कापून पोराला घालावा तसं. बाह्या बसतात, खांदे काही बसत नाहीत. हे लाल बटण मात्र तिने पहिल्यापासून फोनवरच आखलं होतं. सरोवरातल्या तिच्या बेटावर जाऊन, कोळ्यांमध्ये बसून. ओल्या अंगठ्याला जे जमलं नाही, ते तिने काढून टाकलं. होडी संकटात आली की पडद्यावर कुठंही दाबायचं. फोन आपण कुठे आहोत ते सांगेल आणि बचावाची होडी सुटेल. तिचा धाकटा भाऊ ओउको मासेमारी करायचा. त्याने किनाऱ्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "माझी ताई करतेय. आपल्यासाठी."

"आधी संगणकावर भरगच्च करू, मग फोनसाठी बारीक करू," मुटिसो म्हणाला. "नाव, ईमेल, पत्ता. कोण वापरतंय ते कळायला नको?"

"बुडणाऱ्याला ईमेल विचारायचा?"

कोणीतरी फिसकन हसलं. मुटिसो हसला नाही. "टोमणे नकोत. आणि फोन कुठे आहे ते परस्पर घ्यायचं नाही, वकील नको म्हणतायत. नोंदणीतला पत्ता घ्या."

"होडीला पत्ता असतो का साहेब?"

"माणसाला असतो ना?"

ती भांडली. पुन्हा भांडली. राजीनामा द्यावा असंही मनात आलं, पण आपण गेलो तर उरलंसुरलं बटणही हे लोक पुसून टाकतील, म्हणून थांबली. वरती देणगीदारांची बोधचिन्हं आली, मग नकाशा, मग मंत्र्यांचा संदेश, आणि सगळ्यात खाली, सरकवत सरकवत जावं तिथे, बोटाच्या नखाएवढं लाल बटण. भिंतीवर ते फारच छान दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुटिसोच्या खोलीत काचेचं सन्मानचिन्ह आलं.

बेटावर ईमेल कोणाकडे असणार! फोन चार्ज करून देणारा ओमोलो तेवढा त्यातला जाणकार. मनाने भला माणूस. त्याने स्वतःच्या ईमेलवर एकच खातं काढलं, पत्त्याच्या रकान्यात स्वतःचं दुकान टाकलं आणि सगळ्या होड्यांच्या फोनमध्ये तेच उघडून दिलं. रकाना रिकामा सोडला तर पान पुढे जात नव्हतं, तो तरी काय करणार? कोळ्यांनी त्याला ताजे मासे आणून दिले. शहाणपण मुटिसोचं, भलेपणा ओमोलोचा, आणि पाणी मात्र कोळ्यांच्या नाकातोंडात.

वारा भर दुपारी उठला. ओउकोची होडी उलटली. बरोबर म्हातारा ओगाडा होता. त्याच्याच हाताखाली ओउको जाळं टाकायला शिकला. पालथ्या होडीला एका हाताने धरून ओउको पिशवीवरून बोट घासत राहिला. नकाशा उघडला. मंत्री उघडले. शेवटी बटण सापडलं.

बचावाची होडी लगेच सुटली आणि थेट ओमोलोच्या दुकानाशी येऊन लागली. नारिंगी जाकिटातले दोघं दारात उभे राहिले.

"तुम्ही बुडताय असं आलंय."

"मी? मी तर इथं चार्जिंग करतोय."

हसले बिचारे. ओमोलोने त्यांना चहा पाजला. खोटी हाक म्हणून कळवून ते परत गेले. संध्याकाळी ओमेना ही बारीक मासळी धरायला निघालेल्या होडीने ओउकोला उचललं. ओगाडाचे हात त्याआधीच सुटले होते.

अविनो मातीला आली. ओगाडाच्या अंगणातच त्याला पुरलं. बायकांचं रडणं ओसरल्यावर ओउको तिच्याजवळ येऊन बसला. त्याची नखं सोलवटली होती.

"ताई, बटण सापडलं होतं मला," तो हळूच म्हणाला. "खाली होतं, पण सापडलं."

तो तिची समजूत घालत होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर कोळी तिच्याभोवती जमले. ओमोलोने दुकान उघडलं नव्हतं. कोणी त्याला बोल लावला नव्हता, तरी.

"अविनो, तू शिकलेली. आमच्या फोनमधनं हे काढून दे. बॅटरी खातंय नुसतं."

ती एका पेटीवर बसली. एकेक फोन हातात येत होता. काळ्या चौकोनातलं ते लाल चिन्ह तिनेच रेखाटलं होतं. तिने बोट ठेवायचं, 'नक्की काढायचं का?' असं फोनने विचारायचं, तिने 'हो' म्हणायचं. एकालाही तिने नाही म्हटलं नाही. काय तोंडाने म्हणणार?

पलीकडच्या किनाऱ्यावरून मातीला आलेला एक कोळी रांगेत होता. तो तिला ओळखत नव्हता.

"असली घाण केली तरी कुणी?" त्याने विचारलं.

ओउकोने मान फिरवली आणि तो पाण्याकडे बघत राहिला.

"मी," अविनो म्हणाली.

त्या माणसाने तिला नीट बघून घेतलं. मग आपला फोन पुढे केला.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे मुळापासून निघेल."