उजव्या वळणाचा आवाज

गाडी घरी येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि जयमाला सिस्टर ती चालवणं सोडायला निघाल्या होत्या. कारण काय, तर एक आवाज! चाकाखाली कोणी जातं फिरवतंय अशी घरघर, आणि तीसुद्धा फक्त उजवीकडे वळताना. डावीकडे वळा, गाडी गरीब गाय. उजवीकडे वळा, घर्रर्र!

सिस्टरांचे यजमान धम्मरत्न कचेरीत कारकून होते, पण गाडीच्या बाबतीत न्यायाधीश. त्यांचा निकाल कधीच लागला होता. "माह्या हातात कधी आवाज आला का? नाई ना? तुहा हातच बसला नाई अजून. क्लच अर्धा दाबून वळवतं तू. गाडी हात वळखते."

आणि खरंच, रविवारी ते चिखलीच्या बाजारात गाडी न्यायचे तेव्हा ती कशी शहाण्यासारखी चालायची. मग बोलणार कोण आणि काय?

गंमत बघा. हात बसला नाही, हे जिला ऐकावं लागत होतं, तिच्या हातासाठी डोणगावकडच्या बाया लेकरं काखेत घेऊन थांबून राहायच्या. "सुई सिस्टरचीच पाह्यजे, पोरगं रडत नाई." तेच हात आता स्टेअरिंग असं धरायचे, जणू शेजाऱ्याची काचेची बरणी. उजवं वळण आलं की सिस्टर श्वास रोखायच्या आणि आवाज आला की हळूच पुटपुटायच्या, "चुकलं माहं."

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून नववीतली मंजुश्री आईबरोबर तिच्या दवाखान्यात निघाली होती. ते पुटपुटणं तिनं ऐकलं आणि तिला कसंतरीच झालं. गाडीची माफी कोण मागतं?

"सोमवारपासून मी एसटीनंच जाईन," आई म्हणाली. "गाडी राहू दे तुह्या बाबाले."

"आई, पुढच्या वळणावर जरा जोरात घे."

"काऊन? अजून बोंबलू दे म्हणतं का?"

"घे ना बापा!"

रस्ता मोकळा होता. वेग वाढला तशी घरघर वाढली. "आता क्लच पूर्ण दाब," मंजुश्री म्हणाली. आईनं दाबला. घरघर तश्शीच!

"बघ! क्लचचा काही संबंधच नाही!" मंजुश्री सीटवरच उडाली. "अन् बाजारात बाबांची गाडी पळते कुठं? बकऱ्या पुढं निघून जातात तिच्या!"

आई हसली नाही. पण पुढच्या उजव्या वळणावर तिनं पुटपुटणं विसरून कान दिला. मंजुश्री त्या वळणावर डावीकडे दाराला चेपली गेली, खांदा काचेला टेकला. उजवीकडे वळलो की आपण डावीकडे दबतो. मग गाडीही दबत असणार. भार येत असणार डाव्या चाकांवर. आणि आवाज तर तिच्याच पायांच्या पुढून येत होता.

संध्याकाळी तिनं बाबांना गाडीत बसवलं. "तुम्ही चालवा. काचा खाली. आई जोरात चालवते तेवढ्याच जोरात."

"मोठी मिस्तरीन आली बे आमच्या घरात," म्हणत बाबांनी मेहकर रोड धरला. आई मागे बसली. उजवं वळण आलं.

घर्रर्र!

बाबांनी पुढे जाऊन गाडी फिरवली. परतीला तेच वळण डावं झालं, गाडी गप्प. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा घर्रर्र!

"तुमचाही हात बसला नाही वाटतं," मंजुश्री म्हणाली. तिला वाटलं, आई आता टाळ्या पिटेल. पण आई खिडकीबाहेर बघत होती.

"बाया येतात माह्याकडं," आई म्हणाली. "दुखते म्हणतात. घरचे म्हणतात सोंग करून राह्यली. मग तपासणीत काई निघालं की त्या घाबरत नाईत. त्याहिले बरंच वाटते. तसं वाटून राह्यलं मले."

बाबांनी आरशात एकदा मागे पाहिलं आणि गाडी अगदी हळू चालवली.

सकाळी गुलाबरावांच्या गॅरेजात आधी उजवं चाक जॅकवर चढलं. त्यांनी ते हातानं फिरवलं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. काही नाही. मग डावं चढवलं. ते फिरवणार तोच आई पुढे झाली. "मी पाहू?"

गुलाबरावांनी चाक फिरवलं. आईनं स्प्रिंगवर बोटं टेकवली, नाडी बघावी तशी, डोळे मिटून. "हे खरखरते," ती म्हणाली. "त्याच्यात नव्हतं. आत काहीतरी झिजलं."

"बेरिंग गेलं, सिस्टर," गुलाबराव म्हणाले. "बरं झालं आणली. अशीच फिरवली असती तर चाकानं धोका दिला असता."

जुनं बेरिंग दाबून काढलं, नवं बसवलं. जुनं बाबांनी हातात घेऊन फिरवून पाहिलं. करकर करकर. बराच वेळ फिरवत होते. मग आईकडे न बघता म्हणाले, "मी उगाच म्हणत होतो तुले," आणि किल्ली तिच्या हातात देऊन स्वतः मागे जाऊन बसले.

मेहकर रोड. तेच वळण. आईनं वेग कमी केला नाही. गाडी वळली आणि ऐकू आला तो फक्त वारा. मंजुश्री ओरडणारच होती, तेवढ्यात मागून वेगळाच आवाज सुरू झाला. टक्‌, टक्‌, टक्‌.

मंजुश्रीनं आईच्या ओठांकडे पाहिलं.

"अहो," आई समोर बघत म्हणाली, "डिक्कीत काय सुटं ठेवलं तुम्ही? घरी गेल्यावर पाहा ते." आणि तिनं पुढचा गिअर टाकला.