बटणांचा पट्टा

मोठीने ब्लेडने सासूबाईंच्या गुडघ्याच्या पट्ट्याची शिवण उसवली, आतली लोहचुंबकं उपटून काढली आणि त्यांच्या जागी जुन्या शर्टाची बटणं घालून पुन्हा तसाच टाका मारला.

दिवसभर ती दवाखान्यात परक्या माणसांच्या गुडघ्यांकडून व्यायाम करून घ्यायची. घरी सासूबाई म्हणायच्या, "तुझं ते शास्त्र तिकडेच ठेव, बाई." आणि धाकट्या जावेने मोबाइलवरची भंपक जाहिरात बघून हा पट्टा मागवला, तर महिन्याभरात म्हातारी जिना चढायला लागली! येईल-जाईल त्याला सांगायची, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो." मोठीच्या हाताला मग काय, गंज चढला होता?

बटणांच्या पट्ट्यावरही सासूबाई आठवडाभर जिना चढत राहिल्या. रविवारी सकाळी मोठीने चहाच्या कपाशेजारी चुंबकं ओतली.

"हे बघा तुमचं औषध. आठवडाभर माझ्या कपाटात होतं. पट्ट्यात बटणं आहेत, आई. बटणं!"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. मोठीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

"म्हणजे मी ढोंग करते होय गं?" सासूबाई उसळल्या. "जिना काय तुझ्या बटणांनी चढवला?"

प्रश्न बिनतोड होता. पट्टा खोटा, पण गुडघा खरा. मोठीने कप बाजूला सारला आणि ती धाकटीकडे वळली.

"तू हा बांधतेस कसा? दाखव."

धाकटीने नाक पुसलं. टॉवेलची गुंडाळी करून सासूबाईंच्या गुडघ्याखाली सरकवली.

"आई, दाबा खाली. अजून. नाहीतर पट्टा सैल बसतो हो, ताई. हां, तर समोरची नवऱ्याला काय म्हणाली, माहितेय? धरून ठेवा हं, गोष्ट संपेपर्यंत सोडायचं नाही."

सासूबाईंच्या मांडीचा स्नायू दगडासारखा ताठला होता. वर्षभर मोठीने हात जोडून सांगितलेला व्यायाम तो हाच.

"रोज असंच करता?"

"सकाळ-संध्याकाळ. एका गोष्टीत कुठे नीट बसतोय? चार-पाच तरी लागतात."

सासूबाईंनी पाय ओढून घेतला. "आता पट्टाच खोटा निघाला, तर कशाला ताणू पाय?"

सगळं स्पष्टीकरण मोठीच्या जिभेवर होतं. तेच वर्षभर भिंतीवर डोकं आपटावं तसं आपटलं होतं. तिने टॉवेल पुन्हा गुंडाळला.

"पट्ट्याने काही झालं नाही, आई. दाबल्याने झालं." पुढचं वाक्य किडकी दाढ उपटावी तसं बाहेर आलं. "तिने करून घेतलं म्हणून."

धाकटी बघतच राहिली. मोठीने गुंडाळी गुडघ्याखाली सारली.

"दाबा. आणि ती समोरची... काय म्हणाली मग?"

"तुला नाही जमायचं ते," सासूबाई म्हणाल्या. "तिला सांगू दे."

धाकटी सांगू लागली. मोठी टॉवेल धरून मनातल्या मनात आकडे मोजत राहिली. त्या दोघी खळखळून हसल्या, तेव्हा तिचा आकडा चुकला.